बांगड्या वाढवल्या

येसूबाईच्या घरात कधी दिवा विझला नाही, तांदूळ कधी संपले नाहीत, नारळ कधी फुटला नाही आणि उंबऱ्यातून कोणी कधी गेलं नाही. म्हणजे हे सगळं व्हायचंच. रत्नागिरीजवळच्या मिऱ्यावरच्या बाकीच्या घरांत होतं तसं तिच्याही घरात व्हायचं. पण तिच्या तोंडून ते तसं बाहेर पडत नसे. दिवा शांत व्हायचा, तांदूळ उदंड व्हायचे, नारळ वाढवायचा आणि पाहुणा ‘येतो’ म्हणून निघायचा. शेजारची एखादी पोर ‘काकी, तेल संपलं’ म्हणत दारात आली, तर तेल मिळायच्या आधी तिला बोलणी खावी लागत. वाडीतल्या तरण्या बायका पाठीमागे तिची नक्कल करत. करू देत बापड्या. त्यांचे नवरे मुंबईला गिरणीत होते, म्हणजे जमिनीवर होते. येसूबाईचा गंगाराम समुद्रावर होता.

गंगाराम फत्तेमारीवरचा तांडेल, म्हणजे माल वाहणाऱ्या शिडाच्या गलबतावरचा मुख्य माणूस. नारळी पौर्णिमा झाली की तो मंगलोरकडे कौलं आणायला निघायचा, आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत थोडा घरी, बाकी दर्यावर. घरची बाई जिभेनं चुकली की दर्यावरच्या माणसाचा घात होतो, असं येसूबाईला तिच्या सासूनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ते तिनं जन्मभर गाठीला बांधून ठेवलं. आणि बघा ना, गंगाराम दर खेपेला सुखरूप परत येत होता. आता याहून मोठा पुरावा कोणाला कुठून आणून द्यायचा?

हे आधीच सांगून टाकलं, कारण एका बाईच्या गळ्याभोवती फास पडायची वेळ आली ती येसूबाईच्या या गोड जिभेमुळे. खोट्या जिभेमुळे नव्हे बरं का. ती उभ्या जन्मात कोणाशी खोटं बोलली नव्हती.

सन एकतीस-बत्तीसचा सुमार असेल. दिवाळी होऊन गेली होती आणि गंगाराम खेपेवर होता. येसूबाईच्या शेजारी शिवा म्हणून खलाशी राहायचा. घरात त्याची आई चिमा आणि बायको मथुरा. शिवा कामाला वाघ, पण किनाऱ्यावर उतरला की त्याला दारू दिसायची, दुसरं काही दिसायचं नाही. आदल्या संध्याकाळी तो पिऊन घरी आला, मथुरेशी भांडला आणि भरल्या ताटावरून उठून तणतणत बाहेर पडला. अख्ख्या वाडीनं ते ऐकलं. पण त्यात नवीन काय होतं? महिन्यातून दोनदा तरी हे व्हायचंच, म्हणून कोणी दार उघडूनही बघितलं नाही.

सकाळी येसूबाई कळशी घेऊन विहिरीवर गेली, तर मथुरा कपडे धुवायच्या धोंडीवर बसलेली. डावं मनगट तिनं पदरात घट्ट दाबून धरलं होतं, पदराला रक्त लागलं होतं, आणि पायाशी हिरव्या काचांचे तुकडे पसरले होते. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

“बांगड्या वाढवल्यास गो?” येसूबाईनं विचारलं.

मथुरेनं वर बघितलं आणि होकाराची मान हलवली.

झालं. पुढचं येसूबाई एकटीच बोलली. दोर हातून सुटला असेल, कातळ किती शेवाळलाय, घासा म्हणून किती वेळा सांगितलं पण ऐकतो कोण, एखादी आडवी पडेल तेव्हा डोळे उघडतील. स्वतः प्रश्न विचारायचा आणि उत्तरही स्वतःच द्यायचं ही तिची जुनी खोड. बोलता बोलता तिनं तुकडे गोळा केले, कोणाच्या पायात जायला नकोत म्हणून कुंपणात टाकले, मथुरेची जखम धुतली. मग तिला तो मोकळा हात बघवेना. भरल्या घरच्या सवाष्णीनं असा हात घेऊन घरी जायचं म्हणजे काय? तिनं हात ओला केला, आपल्या डाव्या हातातल्या दोन बांगड्या हळूच उतरवल्या आणि मथुरेच्या हातात चढवल्या. हिरव्या बांगड्या, वर पिवळे ठिपके. गेल्या जत्रेत गंगारामनं स्वतः उभं राहून भरायला लावलेल्या.

मथुरा त्या बांगड्यांकडे बघतच राहिली आणि एकदम रडायला लागली. जखम ठणकत असेल, येसूबाईला वाटलं. तिनं कळशी भरली आणि ती घरी आली.

दुपारी ओहोटीला बायका कड्याखाली खडपांवर कालवं काढायला उतरल्या, त्यांना शिवा सापडला. डोकं फुटलं होतं आणि अंग थंडगार पडलं होतं. कड्याच्या कडेनं जाणारी वाट माणसाला दिवसाही सांभाळून चालावी लागते, आणि हा रात्रीचा पिऊन गेलेला. वाडीत एकच हलकल्लोळ झाला. मथुरा तेव्हा चुलीपुढे बसली होती. चुलीवर भात होता, शिवाच्या आवडीची सुकटीची चटणी पाट्यावर अर्धी वाटलेली होती. म्हाताऱ्या बायकांनी तिला धरून अंगणात आणलं, खाली बसवलं, आणि एकीनं तिचे दोन्ही हात धरून दगडावर आपटले.

सगळ्यात आधी त्या पिवळ्या ठिपक्यांच्या दोन फुटल्या.

येसूबाईनं ते बघितलं. आपलं सौभाग्य, आपल्या माणसानं भरलेलं, दुसरीच्या रंडकीपणात फोडलं गेलं. आपल्या डोळ्यांदेखत, आणि गंगाराम तिकडे दर्यावर. तिनं डावा हात पदराआड घेतला, घरी येऊन देवापुढे हळदकुंकू वाहिलं, आणि हे या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही असं ठरवून टाकलं. बोललं नाही की ते झालंच नाही, असं तिचं गणित होतं. आपल्यातल्या किती जणांचं असतं.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीहून फौजदार आला. घाटावरचा माणूस, हुशार, बोलायला अगदी गोड. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोक्याची जखम पडून झालेली असेल, किंवा कोणी दगड घातला असला तरी अशीच होईल. नक्की सांगता येत नाही. नक्की सांगता येत नाही म्हटलं की लोकांना सगळं नक्की सांगावंसं वाटतं. चिमानं ऊर बडवत सांगितलं की हिनंच माझा पोर खाल्लान. पोर गेलेली आई, तिला काय म्हणणार? फौजदार एकेका बाईला बोलावून विचारू लागला. येसूबाईची पाळी आली तेव्हा ती मथुरेची बाजू घ्यायलाच बसली होती. पोर गरीब आहे, कामसू आहे, सकाळी विहिरीवर भेटली होती, बिचारीनं बांगड्या वाढवल्या होत्या, हाताला केवढं लागलं होतं.

फौजदाराची मान वर झाली. “सकाळी वाढवल्या?”

“होय.”

“प्रेत सापडायच्या आधी?”

“होय तर. ते दुपारी.”

“तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“बघितलं म्हणजे? हे एवढे तुकडे मीच गोळा केले.”

फौजदारानं ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं. येसूबाईला त्यात एक शब्दही चुकीचा वाटला नाही. तिनं अंगठा दिला आणि बरं काम केलं अशा समाधानानं ती घरी आली. मंगळवारी मथुरेला पकडून नेली.

का नेली, ते आधी कोणाला कळेना. मग वाडीच्या पोलीसपाटलानं उलगडा केला. बांगड्या दोन वेळा वाढवतात. सवाष्णीच्या हातून चुकून फुटली तरी ‘फुटली’ म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. आणि नवरा वारला म्हणजे बाईच्या बांगड्या जाणूनबुजून फोडतात, त्यालाही चार जाणती माणसं वाढवल्याच म्हणतात. शब्द तोच. फौजदारानं दुसरा अर्थ उचलला. नवरा मेलाय हे गावाला दुपारी कळलं आणि बायकोनं बांगड्या सकाळी वाढवल्या. मग तिला आधी कळलं कसं? ज्यानं मारलं त्यालाच आधी कळणार.

येसूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. ती तशीच उठून घरोघरी सांगत सुटली की अगो, मी तसं नाय म्हटलं, वाढवल्या म्हणजे आपल्या वाढवल्या, विहिरीवर, घसरून. बायका ऐकून घेत. पण ‘फुटल्या’ हा एक साधा शब्द तिच्या तोंडातून निघेना, आणि त्याच्यावाचून तिचं सगळं सांगणं पुन्हा फौजदाराच्याच बाजूला जाऊन पडे.

आणि मग लोकांचं सुरू झालं. हा प्रकार मला कधी समजला नाही, आणि समजून घ्यायचाही नाही. आठ दिवसांत येसूबाईच्या कानावर आलं की मथुरेनं बांगड्या दगडावर आपटल्या ते येसूबाईनं डोळ्यांनी बघितलं. पंधरा दिवसांनी आलं की आपटताना मथुरा ‘सुटले एकदाची’ म्हणाली. सावर्ड्याच्या बाजाराला गेलेला माणूस तिथून ऐकून आला की मिऱ्याची कोणी येसू तांडेलीण आहे, तिनं खून होताना बघितलाय. ज्यानं सांगितलं त्याला येसूबाईनं दारातच उभा केला आणि विचारलं, येसू तांडेलीण ती कोण? त्यानं खांदे उडवले. म्हणाला, असेल कोणी, पण बातमी खरी आहे. आपलंच बोलणं आपल्याच दारात असं परकं होऊन उभं राहिलेलं येसूबाईनं कधी बघितलं नव्हतं.

मधे गंगाराम घरी येऊन गेला. डाव्या हातात दोन बांगड्या कमी आहेत हे त्यानं बघितलं, विचारलं. ‘वाढवल्या,’ येसूबाई म्हणाली. त्यानं बरं म्हटलं आणि नव्या भरायला पैसे दिले. तो पुन्हा खेपेवर निघाला त्या दिवशी ती बंदरावर न जाता घरातच बसून राहिली.

फाल्गुनात खटला उभा राहिला. मथुरेचा भाऊ रघू यानं भास्करराव म्हणून रत्नागिरीतले वकील दिले होते. तरुण माणूस, डोकं तल्लख आणि तेवढंच तापट. त्यांनी खटल्याच्या आधी येसूबाईला बोलावून घेतली आणि सरळ सांगितलं की सरकार पक्षाची सगळी इमारत तिच्या एका शब्दावर उभी आहे, तो शब्द तिनंच काढून घ्यायचा. बांगड्या फुटल्या, एवढं म्हणायचं. येसूबाईनं हात जोडले. दुसरं काही सांगा, म्हणाली, हे नको. माणूस दर्यावर आहे. भास्करराव आधी हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की ही खरंच भ्यालीय, तेव्हा त्यांना रागच आला.

“तुमचा नवरा मंगलोरला, येसूबाई,” ते म्हणाले, “ही पोर इथं फासाखाली. आता तुम्ही ठरवा.”

ती घरी आली ती रस्ताभर तोंडातल्या तोंडात तो शब्द म्हणून बघत होती. ओठांपर्यंत यायचा आणि अडायचा.

कोर्टात ही गर्दी. मिऱ्या, मांडवी, भाट्ये, सगळीकडून माणसं लोटलेली. जज्जसाहेब कानडी मुलखातले, मराठी समजायचं पण जपून बोलायचे. त्यांच्या बाजूला गावचे दोन मोठे गृहस्थ असेसर म्हणून बसलेले; खटला ऐकून आपलं मत सांगायचं एवढंच त्यांचं काम. मथुरा पिंजऱ्यात उभी होती. तिच्या कपाळावर काही नव्हतं, हातात काही नव्हतं, आणि ते मोकळे हात तिनं कठड्यावर असे ठेवले होते की येसूबाईला दुसरीकडे बघताच येईना.

सरकारी वकिलांचं काम सोपं होतं. सकाळी आरोपीनं बांगड्या वाढवल्या असं तुम्ही फौजदारांना सांगितलंत? सांगितलं. तेव्हा प्रेत मिळालं होतं? नव्हतं. ते खाली बसणार, एवढ्यात जज्जसाहेबांनी हात वर केला. वाढवल्या म्हणजे काय, त्यांनी विचारलं, जास्त घातल्या? मागे खसखस पिकली. असेसरसुद्धा मिशीत हसले. येसूबाईला मात्र हसू आलं नाही, कारण भास्करराव उठून उभे राहिले होते आणि पुढचा प्रश्न तिला माहीत होता.

“येसूबाई, साहेबांना सांगा. वाढवल्या म्हणजे काय?”

तिनं डोळे मिटले. लोक हसायचे थांबले. भास्कररावांनी पुन्हा विचारलं. तिला गंगाराम दिसत होता, शिडाची दोरी ओढणारा. तिनं डोळे उघडले तर समोर मथुरेचे हात.

“फुटल्या,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की कारकुनानं पुन्हा सांगायला लावलं. “फुटल्या होत्या बांगड्या. आमच्यात तसं म्हणत नाय, म्हणून वाढवल्या म्हटलं.”

भास्कररावांनी सुटकेचा श्वास सोडला. म्हणजे विहिरीवर दोर सुटून, शेवाळावर पाय घसरून बांगड्या फुटल्या, असंच ना, त्यांनी विचारलं, आणि येसूबाई होय म्हणणार तोच सरकारी वकील ताडकन उठले. साक्षीदारानं ते पाहिलंय का, एवढंच त्यांना हवं होतं. जज्जसाहेब तिच्याकडे वळले.

“बाई, बांगड्या फुटताना तुम्ही पाहिलंत?”

येसूबाईनं तोंड उघडलं. गेले चार महिने ती हेच सांगत होती. सुटलेला दोर तिला दिसत होता, घसरलेला पाय दिसत होता, मथुरा हातावर पडताना दिसत होती. सांगून सांगून ते चित्र इतकं पक्कं झालं होतं की ते कुठून आलं हे तिनं कधी तपासलंच नव्हतं. आता कोर्टात, शपथेवर, तिनं ते पहिल्यांदा नीट बघितलं. ती विहिरीवर पोचली तेव्हा मथुरा बसलेली होती. तुकडे आधीच पडलेले होते.

“नाय,” ती म्हणाली. “फुटताना नाय बघितल्या.”

“मग पाय घसरला असं आरोपी म्हणाली?”

“ती काय नाय बोलली. मीच म्हटलं.”

“म्हणजे ते तुमचं मत झालं.”

“होय,” येसूबाई म्हणाली. तिला स्वतःचीच भीती वाटत होती. सावर्ड्याच्या बाजारातल्या माणसांना ती चार महिने नावं ठेवत होती, आणि त्यांच्यात आणि तिच्यात फरक तो काय? भास्करराव कागद चाळत होते. त्यांचं तोंड उतरलं होतं. सरकारी वकील बसले ते आता सगळं मिटलं अशा थाटानं बसले.

येसूबाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरली नाही. तिथल्या तिथे उभी राहून तिनं जज्जसाहेबांना विचारलं की मी बघितलं ते तरी सांगू काय. तेवढंच सांगा, ते म्हणाले.

मग तिनं सांगितलं. थांबत थांबत, एकेक शब्द उचलून. मथुरेचा मोकळा हात बघवला नाही, म्हणून मी माझ्या हातातल्या दोन बांगड्या काढून तिच्या हातात घातल्या. तिनं घालून घेतल्या. त्या घालूनच ती घरी गेली. दुपारी तिच्या चुलीवर भात होता.

भास्कररावांना हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तेही बघतच राहिले. मग हळूच त्यांनी विचारलं, त्या दोन बांगड्या आता कुठे आहेत?

“फोडल्या,” येसूबाई म्हणाली. “नवरा मेल्यावर तिच्या फोडतात ना, त्यात माझ्या फोडल्या. मी बघितलं.”

इतके दिवस हे का लपवलं, सरकारी वकिलांनी दरडावून विचारलं. माझा नवरा दर्यावर आहे, ती म्हणाली. त्यांना त्या उत्तराचा अर्थ लागला नाही आणि त्यांनी ते सोडून दिलं. दोन असेसरांपैकी एकाचं घर बंदरावरचं होतं. त्यानं मात्र मान खाली घातली.

दोन्ही असेसरांनी मथुरा निर्दोष असल्याचं मत दिलं आणि जज्जसाहेबांनाही ते पटलं. नवरा मेलाय हे ठाऊक असलेली बाई बांगड्या फोडून घेते आणि लगेच दुसरीच्या हातून भरूनही घेते, हे कोणत्या माणसाला खरं वाटेल? मथुरा सुटली. भास्करराव पेढे वाटायच्या गोष्टी करू लागले. ज्या लोकांनी तिला फासावर चढवली होती तेच लोक दारात उभे राहून सांगत होते की आम्ही पहिल्यापासून म्हणत होतो.

चिमा सुनेला घरात घेणार नव्हती, आणि रघू बैलगाडी बघायला गेला तो अजून यायचा होता. तेव्हा येसूबाई मथुरेला घेऊन चालतच मिऱ्याकडे निघाली. उन्हं कलली होती. दोघी वाळूच्या कडेनं चालल्या होत्या.

“वयनी,” मथुरा म्हणाली, “माझा पाय घसरला नव्हता.”

येसूबाई थांबली.

“मी फोडल्या त्या. धोंडीवर हात आपटून. तो रात्रभर आला नाय. निघताना म्हणाला होता की तुझं तोंड बघायला परत येणार नाय. सकाळी पाणी काढता काढता डोकंच फिरलं माझं. मेलास तू मला, म्हटलं, आणि फोडल्या.” तिनं मोकळं मनगट दुसऱ्या हातानं चोळलं. “मग तू आलीस. तुझ्या हातातल्या काढून मला घातल्यास. मला वाटलं देवीनंच पाठवलीन तुला. सगळा राग गेला. येईल तो, म्हटलं, भुकेला येईल. घरी जाऊन भात टाकला. हे वकिलाला कोणत्या तोंडानं सांगू?”

येसूबाई वाळूवर बसली. कानात नुसता समुद्र घोंघावत होता. म्हणजे फौजदारानं जो अर्थ घेतला तोच खरा होता. मथुरेनं बांगड्या जाणूनबुजूनच फोडल्या होत्या, नवऱ्याच्या नावानंच फोडल्या होत्या, प्रेत मिळायच्या आधी. आणि तरी फौजदार चुकला होता, पोर निष्पाप होती. आणि आपण? उभ्या जन्मात एकदाच सरळ शब्द वापरला, जीव मुठीत धरून, देवाला स्मरून, आणि तोच खोटा निघाला. फुटल्या कुठल्या, फोडल्या होत्या.

“वयनी, खरं सांग,” मथुरा खाली वाकून विचारत होती. “मी आपटल्या तेव्हा तो जिवंत असेल काय गो? माझ्या बांगड्यांनी मारलं काय त्याला?”

बाकी सगळं एकीकडे आणि हा प्रश्न एकीकडे. येसूबाईनं होय म्हटलं, तर ही पोर आत्ता कोर्टातून सुटलेली, जन्मभर सुटणार नव्हती. आणि होय म्हटलं, तर आज तिनं स्वतः भर कोर्टात काय काय उच्चारलं होतं? गंगाराम या खेपेला चार दिवस उशिरा होता. पण नाही म्हणायचं, तर तेही सोपं नव्हतं. बांगड्यांनी माणूस मरत नसेल तर जिभेनं तरत कसा असेल? मग इतकी वर्षं गंगाराम परत येत होता तो काय म्हणून? दिवा शांत झाला, तांदूळ उदंड झाले, हे सगळं आयुष्यभर आपण कोणासाठी म्हणत होतो? तिला एकदम वाटलं की आपल्या आणि त्या एवढ्या मोठ्या पाण्याच्या मधे आजवर काही तरी होतं, आणि ते नव्हतंच. तिला रडू आलं नाही, नुसती थंडी भरून आली.

“नाय,” ती म्हणाली. “पिऊन पडला तो. वाट अरुंद हाय.”

“तू बघितलंस?”

येसूबाईनं तिच्याकडे बघितलं. खोटं बोलणं किती सोपं होतं.

“नाय बघितलं,” ती म्हणाली. “कोणीच नाय बघितलं. पण तू काय केलंस ते तुझं तूच बघितलंयस. काच फोडलीस. काच होती ती, मथुरे. फोडली की फुटते.”

मथुरा तिच्या शेजारी वाळूत बसली आणि पहिल्यांदाच मोकळेपणी रडली. मग दोघी उठल्या.

घरी पोचेपर्यंत तिन्हीसांजा झाल्या. चिमाचं दार बंद होतं. येसूबाईनं मथुरेला आपल्या घरात घेतलं, हातपाय धुवायला पाणी दिलं आणि ती दिवा लावायला देवापाशी गेली. ज्योत धरली न धरली तोच समुद्रावरून वारा आला, खिडकीचं दार आपटलं आणि घरात काळोख झाला. मथुरा दारातच थबकली. अशा वेळी येसूबाई काय म्हणते ते सगळ्या वाडीला पाठ होतं, आणि मथुरा तेच ऐकायला थांबली होती.

येसूबाईच्या हातात दिवा तसाच होता.

“विझला,” ती म्हणाली. “वाऱ्यानं विझला, मी बघितलं. काड्यापेटी दे.”